ढोल्याचा डावा कान

मावशीच्या दुकानात दारावर एक पाटी होती. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली. ‘शेपटीपासून कानापर्यंत सगळं खाता येतं.’ अक्षर काही फार देखणं नव्हतं, ओळ शेवटाकडे खाली उतरली होती, पण त्या पाटीचा तिला भारी अभिमान. मुलांच्या वाढदिवसाचे केक करणारे गावात आणखीही होते. कुणी सिंहाच्या डोक्यात थर्माकोल घालायचं, कुणी जिराफाच्या मानेत तार. त्यांच्याबद्दल बोलताना मावशीच्या जिभेला धार यायची. मूल ज्या गोष्टीला हात लावणार, ती त्याच्या तोंडात जाणारच, हे ज्याला कळत नाही त्यानं विटा भाजाव्यात, केक भाजू नयेत, असं ती समोर कोण आहे ते न बघता ठणकावून सांगायची.

ती या मुलांपैकी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. कुठल्याशा मुलानं एकदा तशी हाक मारली आणि मग त्यांचे आईबापही तिला मावशी म्हणू लागले, एवढंच. तिच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मधली खोली म्हणजे भटारखाना. तिची नणंद स्पंज भाजायची आणि मावशी त्यातून प्राणी कोरायची. धड स्पंजचं, डोकं लाह्यांचं. वितळलेल्या मार्शमेलोत तांदळाच्या लाह्या घोळून त्याचा गोळा वळायचा, रात्रभर थंड होऊ द्यायचा, मग तो दगडासारखा बसतो आणि तरी दाताखाली कुरकुरतो. वरून साखरेचा लगदा लाटून चादरीसारखा पांघरायचा. झाला प्राणी.

दुकानाच्या खिडकीत मात्र एक थर्माकोलचं अस्वल बसलेलं असे. उन्हात खरा केक दोन दिवस टिकत नाही, म्हणून ते. “त्याचा पाटीशी संबंध नाही,” मावशी म्हणायची, “ते इथं नोकरीला आहे.”

तर अशा या दुकानात कोपऱ्यावरचा चष्मेवाला आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी सहा वर्षांची होणार होती. एका जागी उभी राहायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन नाव सार्थ केलं. तिला ढोल्या हवा होता.

ढोल्या म्हणजे पाणघोडा. तो कुठल्या पुस्तकात नव्हता की पडद्यावर नव्हता. तो भिंगरीच्या आजीनं बनवला होता, दुपारी पडल्या पडल्या गोष्टी सांगता सांगता. पाणघोडा असून तो पाण्याला घाबरतो, पायात बूट घालतो, आणि त्याचा डावा कान मधाचा आहे, म्हणून त्या कानानं त्याला फक्त गोड बातम्या ऐकू येतात. उजव्या कानाचं तसं नाही, त्याला सगळंच ऐकू येतं. आजीला आता अंथरुणातून उठवत नव्हतं. जेवणही जात नव्हतं, चार चमचे मऊ काहीतरी पोटात गेलं की ती तोंड फिरवायची. भिंगरीनं तिला कबूल केलं होतं की वाढदिवसाला ढोल्याचा डावा कान तिलाच, दुसऱ्या कुणाला नाही.

“कान खरा असेल ना?” भिंगरीनं विचारलं. “म्हणजे आजीला खाता येईल?”

मावशीनं तिला उचलून ओट्यावर बसवलं आणि दारावरची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. वर आणखी म्हणाली, “माझ्याकडे खोटं काही नसतं बघ. डाव्या कानात मी मध घालीन.”

भिंगरीचा तिच्यावर विश्वास बसला. सहा वर्षांच्या मुलाचा विश्वास बसतो तसा, म्हणजे अख्खाच्या अख्खा. जाताना ती रस्ताभर बापाला तेच सांगत होती, हे मावशीला खिडकीतून ऐकू येत होतं, आणि ती स्वतःवर फार खूश झाली होती.

त्या शनिवारी तीन केक होते. नणंद म्हणाली होती, दोनच घे. मावशी म्हणाली, होऊन जातील. ही तिची जुनी खोड. कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं, आणि मग निस्तरायला नणंद होतीच. शुक्रवारचा दिवस एका रॉकेटनं खाल्ला. दुसरं होतं कासव, त्याच्या पाठीवरचे चौकोन जुळता जुळेनात. ढोल्याचं डोकं वळायला शनिवारची सकाळ उजाडली.

डोकं सुरेख झालं होतं. रुंद जबडा, फुगीर नाकपुड्या, थोडासा घाबरलेला चेहरा. पण ते आतून अजून कोमट होतं. मावशीनं हात लावून पाहिलं आणि तिला ते कळलंही. कोमट गोळ्यावर साखरेची चादर घालायची नसते, हे तिनं शिकायला आलेल्या किती जणींना बजावलं होतं. तरी तिनं घातली. चार वाजता वाढदिवस होता आणि कासव अजून नागडंच होतं.

दुपारी एकच्या सुमाराला ढोल्याचा जबडा छातीला टेकला. मग एक गाल सुटला. नणंदेनं धावत जाऊन पंखा लावला, बर्फ आणला, पण सव्वा वाजता ते डोकं हळूहळू पुढे झुकलं आणि बुटांवर येऊन बसलं. दोघी बघत राहिल्या. नणंदेनं पंखा बंद केला आणि तेच मावशीला जास्त लागलं.

दुसरं डोकं वळायला वेळ होता, थंड व्हायला नव्हता. मावशी पुढच्या खोलीत गेली. खिडकीतल्या अस्वलाचं डोकं तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवून काढलं.

“वहिनी, हे नको,” नणंद म्हणाली. “चष्मेवाल्याला फोन कर. डोकं पडलं म्हणून सांग. धड तर आहे.”

“पोरीच्या वाढदिवसाला बिनडोक ढोल्या पाठवू?”

मावशीनं सुरी घेतली. थर्माकोल तासताना पांढरे मणी उडत होते, तिच्या दंडाला, केसांना चिकटत होते. नाक चपटं केलं, जबडा रुंद केला. अस्वलाचे कान गोल आणि आखूड, पाणघोड्याला अगदी चपखल बसणारे. त्यांना हात लावायची गरजच पडली नाही. तिनं डोक्यावर आणि कानांवर मिळून एकच चादर ओढली, कडा दाबून घेतल्या, डोळे बसवले. वीस मिनिटांत ढोल्या पुन्हा उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा देखणा.

आणि तेव्हा तिला डावा कान आठवला. विसरले होते, असं तिला नंतर म्हणता आलं नसतं. आठवलाच. तेवढा एक कान कापून त्या जागी लगद्याचा लावता आला असता. मधाची बाटली तिनं सकाळीच काढून ठेवली होती, ती समोरच होती. पण ओला कान चिकटवला आणि गाडीच्या हिसक्यानं गळून पडला तर? आणि ऐन गडबडीत कान कोण मागतंय, मुलं पोटाला हात घालतात, बुटांसाठी भांडतात. असं सगळं तिनं मनाला भराभर समजावलं आणि मनानंही ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. दारातच चष्मेवाल्याला गाठून सांगू, डोकं तेवढं कापू नका म्हणून, असं ठरवून तिनं ढोल्याला खोक्यात ठेवलं.

चष्मेवाला आपल्या घराच्या दारात फुगा फुगवत होता. गाल फुगलेले, हातात दोरा. त्यानं फुग्याची गाठ मारली आणि मावशीनं तोंड उघडायच्या आत म्हणाला, “या मावशी, या. सकाळपासून आमच्याकडे तुमचीच पाटी चाललीय. आलेल्या प्रत्येकाला सांगतेय भिंगरी, शेपटीपासून कानापर्यंत. आजीनं तर आज दुपारी काही खाल्लंच नाही, कानासाठी पोटात जागा ठेवतेय म्हणाली.”

मावशी हसली. आता सांगते, आत गेल्यावर सांगते, टेबलावर ठेवल्यावर सांगते. टेबलावर ठेवल्यावर वीस मुलांनी एकाच वेळी श्वास ओढला आणि भिंगरी, जी कधी एका जागी उभी राहत नव्हती, ती स्तब्ध उभी राहिली. तिनं ढोल्याच्या गालावर एक बोट ठेवलं. “हा तोच आहे,” ती हळूच म्हणाली. यानंतर कुणाच्या तोंडून शब्द फुटेल? मावशीच्या तरी फुटला नाही. तिला तिथून निघून जायचं होतं, पण भिंगरीच्या आईनं हात धरून थांबवलं. एवढा मोठा केक कापायचा कसा ते तुम्हीच दाखवा म्हणाली.

मेणबत्त्या विझल्या. टाळ्या झाल्या. मावशीनं सुरी ढोल्याच्या पोटाशी नेली आणि म्हणाली, इथून कापायला सुरुवात करूया.

“आधी कान,” भिंगरी म्हणाली. “आजीचा.”

तिनं मावशीच्या हातातून सुरी घेतली आणि डाव्या कानाच्या बुडाशी टेकवली. साखरेची चादर सहज चिरली. मग सुरी अडली आणि एक आवाज आला, थर्माकोल घासल्यावर येतो तो, दात आंबवणारा. मुलांच्या गलक्यात तो कुणाला ऐकू गेला नाही. मावशीला गेला आणि भिंगरीला गेला. भिंगरीनं सुरी बाहेर काढली. पात्याला दोन पांढरे मणी चिकटले होते.

भिंगरीनं मणी पाहिले. मग मान वर करून मावशीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती वाट बघत होती, मावशी आता काहीतरी सांगेल आणि ते बरोबर असेल, अशी. मावशीचा चेहरा त्या क्षणी कसा झाला होता कोण जाणे. पण त्या चेहऱ्याकडे बघून पोरीला काहीतरी कळलं. तिनं अंगठ्यानं चादरीची चीर दाबून बंद केली, पात्यावरचे मणी फ्रॉकला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कान नाही कापायचा. डोकं माझं आहे. डोकं मी नंतर एकटी खाणार.”

मोठी माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, बघा, आत्तापासून हावरट. आईनं डोळे वटारले. भिंगरीनं पोटाचा एक तुकडा बशीत घेतला आणि ती आतल्या खोलीकडे निघाली. मावशी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं.

आजी उशाला टेकून बसली होती. हात पांघरुणावर, डोळे मिटलेले.

“आजी, कान आणला,” भिंगरी म्हणाली. “डावा.”

आजीनं डोळे न उघडता तोंड उघडलं. भिंगरीनं चमच्यानं भरवलं. आजीनं जिभेवर घोळवून घोळवून तो घास संपवला आणि पुन्हा तोंड उघडलं. अख्खा तुकडा तिनं खाल्ला. शेवटी म्हणाली, “मधाचाच आहे गं. केवढा गोड.” भिंगरीनं मागे वळून मावशीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मावशीला स्वतःची किळस आली. आपण एका लेकराला तिच्या सहाव्या वाढदिवशी खोटं बोलायला लावलं, आणि तेही आपली लाज झाकायला. ती तशीच निघाली. घरी आली तेव्हा तिच्या केसांत अजून पांढरे मणी होते.

त्यानंतर तिला कौतुकानं सळो की पळो करून सोडलं. चष्मेवाला दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला काच पुसता पुसता सांगायचा, कित्येक आठवड्यांनी म्हातारीनं पोटभर काही खाल्लं तर तो मावशीनं केलेला कान. ती गिऱ्हाइकं मावशीकडे यायची, पाटी वाचायची, मान डोलवायची. दोन बहिणी आल्या आणि म्हणाल्या, तुमच्यासारखी सचोटी आता कुठं राहिलीय. मावशीनं त्यांच्या हत्तीच्या केकची मापं दोनदा चुकीची लिहिली. मंगळवारी सकाळी तिनं स्टुलावर चढून पाटी काढली आणि पिठाच्या डब्यामागे उभी केली. गिऱ्हाइकांना सांगितलं, रंग द्यायचाय.

खिडकीतल्या अस्वलावर नणंदेनं फडकं टाकलं होतं. दुपारी चहा पिताना ती म्हणाली, “वहिनी, जाऊन सांगून ये एकदाचं. चष्मेवाला काय खाणार आहे का तुला?”

“त्याचं नाही काही.”

“मग कुणाचं?”

चहावर साय धरली तरी मावशी कपाकडे बघत बसली. चष्मेवाल्याला सांगायचं तर पोर खोटी पडते, आणि नाही सांगायचं तर आपण खोट्या राहतो. शनिवारपासून तिला वाटत होतं की ती पोरीसाठी गप्प आहे. पण खरं म्हणजे गप्प राहणं सोपं होतं म्हणून ती गप्प होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

केकखालची लाकडी फळी गिऱ्हाइकांनी परत आणून द्यायची, अशी मावशीच्या दुकानाची रीत. बुधवारी चष्मेवाला फळी घेऊन आला. तो बाहेर सायकलीला कुलूप लावत होता तेवढ्यात भिंगरी आत घुसली. पोटाशी तिनं एक फुगलेली शाळेची पिशवी धरली होती. ती थेट ओट्यामागे आली, पिशवीचा बंद सोडला आणि कुजबुजली, “पटकन लपव.”

आत ढोल्याचं डोकं होतं. साखर सुकून तिला भेगा पडल्या होत्या, एक डोळा गळाला होता. डाव्या कानाच्या बुडाशी तिच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता.

“कपाटात होतं, फ्रॉकच्या खाली,” भिंगरी म्हणाली. “मुंग्या झाल्यात म्हणून आई आज कपाट आवरणार आहे. मी बाबांना सांगितलं, डोकं मी खाल्लं. बाबा खूप रागावले. एकटीनं सगळं खाल्लं, कुणाला दिलं नाही म्हणून. आता महिनाभर मला गोड नाही.” मग तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. “ते अस्वलाचं आहे ना? त्याला परत लाव. मी कुणाला सांगितलं नाही. आजीलापण नाही.”

शेवटचं वाक्य बोलताना ती टाचा उंचावून उभी राहिली होती. एवढं मोठं काम आपण एकटीनं पार पाडलं, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

चष्मेवाला फळी घेऊन आत आला. तो काही बोलणार, इतक्यात मावशीनं पिशवीतून डोकं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. आता थांबलं तर पुन्हा कधीच होणार नाही, हे तिला कळत होतं.

“हिनं डोकं खाल्लं नाही,” ती म्हणाली. “खाता येण्यासारखं नव्हतंच ते. माझं डोकं पडलं, म्हणजे ढोल्याचं, माझ्याच घाईनं. मी थर्माकोलचं लावलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. आजींनी खाल्लं ते पोट होतं. हिला कापताना कळलं, आणि हिनं मला सांभाळून घेतलं.”

चष्मेवाल्यानं डोक्याकडे पाहिलं. त्यानं बोटानं कान दाबला, आवाज आला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मावशीला वाटलं होतं तो ओरडेल, आणि ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो मुलीकडे वळला आणि म्हणाला, “मग तू मला का नाही सांगितलंस गं? मी तुला केवढं बोललो.”

भिंगरीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती मावशीकडे बघत होती. टाचा खाली टेकल्या होत्या.

“तू सांगणारच होतीस,” ती म्हणाली, “मग मी कशाला खोटं बोलले?”

मधल्या खोलीत भट्टीची घंटी वाजली. नणंदेनं ती बंद केली. आपण आपलं ओझं उतरवून मोकळ्या झालो आणि पोरीनं चार दिवस जिवापाड जपलेली गोष्ट एका मिनिटात मातीमोल केली, एवढं मावशीला कळलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तेव्हा गप्प बसले तेही चुकलं.” मग तिनं ओट्यावरचं डोकं बाजूला सारलं आणि म्हणाली, “कान करून देऊ? आत्ता?”

भिंगरीनं बापाकडे पाहिलं. बाप स्टुलावर बसला. तो थांबायला तयार होता. भिंगरी मात्र बसली नाही. ती ओट्याला नाक टेकवून उभी राहिली आणि मावशीच्या हातांवरून तिनं नजर काढली नाही. मावशीनं स्पंज चुरला, त्यात साय घातली, मधाच्या बाटलीचं झाकण उघडलं. “दाखव,” भिंगरी म्हणाली. मावशीनं बाटली तिच्या नाकाखाली धरली. तिनं वास घेतला, मान हलवली. मावशीनं गोळा वळला, अंगठ्यानं मध्ये खळगा केला, वर साखरेचा लगदा पातळ लाटून घातला. आयुष्यात तिनं शेकडो कान केले असतील, पण या कानाची कड तिनं तीनदा दाबून पाहिली.

“आजीला मी सांगणार,” भिंगरी मध्येच म्हणाली. “आधीचा पोटाचा होता म्हणून. तू नको सांगू.”

मावशी बरं म्हणाली.

कान तयार झाला. गोल, आखूड, करडा. मावशीनं छोटा डबा घेतला, कागद अंथरला आणि कान उचलला.

“थांब,” भिंगरी म्हणाली.

तिनं मावशीच्या हातातून कान घेतला, उलटा करून पाहिला, बोटानं दाबून पाहिला. मग त्याच्या कडेला दात लावून एक लहानसा तुकडा तोडला. डोळे बारीक करून तिनं तो चावला, सावकाश, जिभेनं काहीतरी चाचपत असल्यासारखा. चष्मेवाला स्टुलावरून पुढे वाकला. नणंदही दारात येऊन उभी राहिली.

“खरा आहे,” भिंगरी म्हणाली आणि कान परत दिला.

मावशीनं दात उमटलेला तो कान तसाच डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.